वन्संचं संध्याकाळचं ‘नको’

माझ्या नणंदेला संध्याकाळी काहीही विचारा, उत्तर एकच. नको. चहा? नको. खिडकी उघडू? नको. मग लावून घेऊ? नको. अहो वन्सं, मग त्या खिडकीचं करू तरी काय मी, डोक्यावर घेऊन नाचू? त्यावरही त्या तितक्याच शांतपणे म्हणणार, नको.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, त्यात मी, नवरा आणि नवऱ्याची ही मोठी बहीण. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. पहाटे जायचा, दुपारी यायचा आणि दिवेलागणीला डाराडूर. म्हणजे संध्याकाळी घरात जाग्या आम्ही दोघीच, नणंद आणि भावजय, आणि या जोडीबद्दल जगात काय काय बोललं जातं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यात माझ्या जिभेला हाड नाही. वन्संनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव ठेवलं ‘तोफ’. ते अजून चालू आहे.

पहिल्या संध्याकाळी मी मोठ्या हौसेने बटाट्याची भाजी केली होती. नवी सून, चार शब्द कौतुकाचे ऐकायला मिळतील ही आशा. वन्सं गिरणीतून आल्या, पिशवी खुंटीला लावली, खुर्चीत बसल्या.

“वाढू?” मी विचारलं.

“नको.”

“भूक नाही? मग अंडं करून देऊ एखादं?”

“नको.”

“मग काय हवं तुम्हाला? सांगा तरी!”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना भलतंच अवघड गणित घातलंय. आणि डोळ्यांत चक्क पाणी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, हिला माझ्या हातचं चालत नाही आणि वर रडतेय कोण, तर हीच! ताट त्यांच्यापुढे आदळलं आणि आत निघून गेले. थोड्या वेळाने बाहेर येऊन बघते तर ताट लख्ख. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिळ्या रागात पाव कापतेय, तर या मागून येऊन म्हणाल्या, “तोफे, कालची भाजी फार छान झाली होती गं. माझ्या आईच्या हातची आठवली.”

घ्या! आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

चारदोन दिवसांत मला गोम कळली. विचारायचं नाही. ठेवायचं. कप पुढे ठेवला की चहा पितात, ताट ठेवलं की जेवतात, शाल अंगावर टाकली की पांघरून घेतात. ‘हवं का’ म्हटलंत की मेलात. आणि सकाळची हीच बाई अशी की विचारू नका! सकाळी त्यांच्यासारखी हुशार, थट्टेखोर, ठाम बाई साऱ्या गल्लीत नव्हती. माझ्या माहेरच्या वाटणीचं भांडण त्यांनी बुटांच्या नाड्या बांधता बांधता मिटवून दिलं होतं. एका वाक्यात! आणि त्याच बाईला मी एका संध्याकाळी साबण आणायला पाठवलं, तर तासाभराने रिकाम्या हाताने परत. म्हणाल्या, “तिथे पिवळाही होता आणि हिरवाही होता.” बस, एवढंच. पिवळाही होता आणि हिरवाही होता, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी बिनसाबणाच्या अंघोळी केल्या.

वन्सं कापडगिरणीत रंग बघायच्या. हे ऐकून लोक म्हणायचे, वा, बसल्या जागी रंग बघायचे आणि पगार घ्यायचा! खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं. एकदा त्या डबा विसरल्या म्हणून मी गिरणीत गेले, तेव्हा कळलं. जिना चढून त्यांच्या खोलीच्या दारात पाऊल टाकलं मात्र, त्या ओरडल्या, “बाहेर! आधी बाहेर हो! तो गुलाबी रुमाल काढ मानेवरचा, त्याची झाक पडतेय माझ्या कापडावर.” मी गपकन रुमाल पिशवीत कोंबला आणि कोपऱ्यात उभी राहिले. खोली सगळी राखाडी. भिंती राखाडी, टेबल राखाडी, आणि वन्संच्या अंगावरचे कपडेही राखाडी. एवढी वर्षं मला वाटायचं, हिला कपड्यांची हौस नाही. हौस कसली, रंग घालायची मुभाच नव्हती.

टेबल उत्तरेच्या खिडकीपाशी. एका बाजूला गिऱ्हाइकाने पसंत केलेला नमुना, दुसऱ्या बाजूला हौदातून नुकत्या रंगून निघालेल्या कापडाचा तुकडा, इस्त्रीने वाळवलेला. वन्सं दोन्ही कडेला कड लावून ठेवायच्या, उजेडात बघायच्या, फिरवून बघायच्या, दिव्याखाली बघायच्या. मग एक शब्द. ‘पास’ किंवा ‘परत’. तो बोलला की समोरच्या राखाडी भिंतीकडे घटकाभर बघत बसायच्या, डोळे विसावायला. की पुढचा तुकडा. किरमिजी, शेवाळी, जांभळा, पुन्हा किरमिजी, पण मघाचा नाही, दुसराच.

मला त्यांनी दोन पांढरे तुकडे दाखवले. म्हणाल्या, “सांग.”

“काय सांगू? दोन्ही पांढरेच की.”

“एक निळसर आहे, एक पिवळट.”

“मला तर बाई दोन्ही पांढरे दिसतात.”

“म्हणून तू इथे नाहीस,” त्या हसून म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

‘पास’ म्हटलं की माल गाडीत चढला. मग तो चुकीचा निघाला तर गिऱ्हाईक सगळी थानं गिरणीच्या अंगावर फेकणार, आणि गिरणीची नाचक्की. ‘परत’ म्हटलं की तो पुन्हा हौदात. तो चुकून म्हटला गेला तर काय, हौदावरच्या लोकांची एक शिवी खायची, एवढंच. म्हणून जिथे मन घुटमळेल तिथे ‘परत’ म्हणायचं, असा त्यांच्या कामाचा रिवाज. मी तिथे अर्धा तास उभी होते आणि घरी येऊन डोळे मिटून पडले. डोळे नव्हते हो दुखत. डोकं आतून पिळून काढल्यासारखं झालं होतं, आणि मी तर एकाही तुकड्याचा न्याय केला नव्हता. ही बाई सकाळपासून तेच करतेय. हो की नाही, हो की नाही, हो की नाही. संध्याकाळपर्यंत सगळे ‘हो’ वापरून संपत असतील, आणि डब्याच्या तळाशी उरत असेल तो फक्त ‘नको’. त्या दिवसापासून मी वन्संच्या ‘नको’चा राग धरणं सोडलं. राग मला दुसऱ्या गोष्टींचा येतो, त्याला तोटा नाही.

आता ती गिरणी नाही. तिथे मोटारी उभ्या करतात. पण त्या संध्याकाळी अजून डोळ्यांपुढे येतात. आतल्या खोलीत नवऱ्याचं घोरणं, त्याच्या खुंटीवरच्या सदऱ्याला येणारा ताज्या पावाचा वास, खाली गल्लीत पोरांचा दंगा, आणि जिन्यावर वन्संची सावकाश पावलं. दुसऱ्या मजल्यावर त्या नेहमी जरा थांबायच्या. मी ते ऐकून चहा गाळायला घ्यायचे. त्या वर पोचेपर्यंत कप टेबलावर. आम्ही दोघी खिडकीशी बसायचो आणि मी एकटीच बोलायचे. कुणाचं काय, कुणी काय केलं, कुणाची मांजर कुणाच्या घरात व्याली. प्रश्न मात्र एकही नाही. वन्सं म्हणायच्या, “तू बोलत राहा, मला नळाचं पाणी पडल्यासारखं बरं वाटतं.” हे कौतुक होतं की टोमणा, ते मी आजवर ठरवलेलं नाही.

आमच्या गल्लीच्या वळणावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एका जिन्याखालची जागा. शटर ओढलं की संपलं दुकान. चाळिशीचा माणूस, सडाफटिंग, आई होती तीही गेलेली. दिवसभर उजव्या डोळ्याला भिंग लावून काम करायचे, त्यामुळे डावा डोळा मिटायची सवयच लागलेली. भिंग काढलं तरी मधूनमधून तो मिटायचाच. नवी माणसं गैरसमज करून घ्यायची. मीसुद्धा पहिल्यांदा नवऱ्याला जाऊन सांगितलं होतं, तो वळणावरचा मेला मला डोळा मारतो! नवरा हसून हसून बेजार झाला.

वन्संचं गजराचं घड्याळ यांच्याकडे दुरुस्तीला असायचं. कायम. आज दुरुस्त झालं की पंधरवड्याने पुन्हा मागे पडलंच. एवढं नामांकित कारागीर बोट आणि एक गजराचं घड्याळ त्याला बरं होत नाही म्हणजे काय? मी काय दुधखुळी होते? पण मी गप्प बसले. वन्सं गिरणीतून येताना वाट वाकडी करून वळणावर पोचल्या की यांचं शटर खाली यायचं, आणि दोघं आमच्या जिन्यापर्यंत सोबत चालत यायचे. बोलणं शून्य. जिन्याशी आले की हे मान हलवायचे आणि उलट फिरायचे. मी सज्जातून बघायचे आणि मनात म्हणायचे, देवा, या दोघांपैकी एकाला तरी तोंड दे.

एका सकाळी मी वन्संना छेडलंच. “काय हो, तुमचे ते घड्याळवाले तुमच्याशी बोलतात तरी काय?”

“काही नाही.”

“मग मजा काय त्यात?”

वन्सं बुटाची नाडी ओढत थांबल्या. “तोफे, दिवसभरात तेवढा एकच माणूस मला भेटतो, जो मला काही विचारत नाही.” आणि अशा लाजल्या की मी बघतच राहिले. तेव्हा कळलं, पाणी कुठवर आलंय ते.

आणि त्या शहाण्याने काय करावं? विचारलं! आणि कधी विचारलं? संध्याकाळी!

मी सज्जात वाळलेले कपडे काढत होते. बरं, कपडे दुपारीच काढून झाले होते, पण ते असू द्या. दोघं खाली जिन्याशी आले. नेहमीसारखी मान हलवायच्या ऐवजी घड्याळवाले उभेच राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, “माझ्या बहिणीने तिच्या गावी दुकानाची जागा बघून ठेवलीय. महिनाअखेरीला इथलं आवरून जायचं म्हणतोय. पण तुम्ही माझ्याशी लग्न करणार असाल तर नाही जाणार. काय म्हणता?”

“नको,” वन्सं म्हणाल्या.

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. घड्याळवाल्यांनी वाद घातला नाही, कारण विचारलं नाही. “बरं,” म्हणाले, थोडा वेळ उभे राहिले आणि वळणाकडे चालू लागले. वन्संची पावलं जिन्यावर वाजली. दुसऱ्या मजल्यावर थांबली. नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ थांबली. चहा निवला, मी पुन्हा गरम केला. मग त्या वर आल्या, पिशवी खुंटीला लावली, खुर्चीत बसल्या आणि चहा पिऊन टाकला. मी मूग गिळून बसले. आत माझं जे काय होत होतं ते मलाच ठाऊक. ओरडावंसं वाटत होतं, बाई गं, तो साबण नव्हता, माणूस होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला तोंड न दाखवताच निघून गेल्या. मी दूध आणायला खाली उतरले तर वळणावर दुकानाबाहेर खोकी. घड्याळवाले भिंतीवरची घड्याळं उतरवून कागदात गुंडाळत होते. महिना संपतच आला होता. मला बघून त्यांचा डावा डोळा मिटला, आणि त्या दिवशी मला ते बघवलं नाही.

दुपारी दार वाजलं. बघते तर गिरणीतले हौदमास्तर, म्हणजे रंगाच्या हौदांवरचे प्रमुख. मागच्याच गल्लीत राहायचे. आडदांड माणूस, आवाज हौदाएवढा, आणि हात कोपरापर्यंत त्या दिवसाच्या रंगाचे. त्या दिवशी निळे होते.

“वहिनी, घरी काही झालंय का?” त्यांनी दारातूनच विचारलं. “आज बाईंनी सकाळपासून एकही तुकडा पास केलेला नाही. सगळं परत, परत, परत. दुपारच्या चहानंतर असं होतं, ते आम्हाला सवयीचं आहे. पण सकाळी? सकाळी असं कधी झालं नाही.”

“चहानंतर होतं म्हणजे?”

“तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? अहो, चहानंतर बाईंचे डोळे शिणतात. मग काहीही दाखवा, परत. पण बाई खऱ्या. त्यांनीच आम्हाला सांगून ठेवलंय, चहानंतरचा माझा ‘परत’ पक्का धरू नका. तुकडा हौदात घालू नका, तसाच ठेवा आणि सकाळी मला नव्याने दाखवा. आम्ही ठेवतो. सकाळी त्यातले बरेचसे पास होतात. आधी आम्ही वैतागायचो, आता वाटतं, अशी कबुली द्यायला छाती लागते.”

मी दाराला धरून उभी राहिले. त्यांना पाणी विचारायचंही सुचलं नाही. म्हटलं, सापडलं!

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा चहा ठेवला आणि मांजरांच्या गप्पा मारल्या. पण सकाळी मात्र वन्संच्या आधी उठून त्यांचे बूट पुढ्यात घेऊन बसले. त्या आल्या, बूट बघितले, मला बघितलं.

“बूट दे.”

“देते. आधी सांगा. परवा त्या माणसाला तुम्ही नको म्हणालात.”

“ऐकलंस होय?” त्या म्हणाल्या. “ऐकणारच तू.”

“ते खरं नको, की संध्याकाळचं नको?”

वन्सं समोरच्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, “काय सांगू तुला. त्यांनी विचारलं ते मला नीट कळलं होतं. पण प्रश्न कानावर आला की तोंडातून ‘नको’ निघून जातं गं, माझी वाटच बघत नाही. दुसऱ्या मजल्यावर आले तेव्हा लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. वाटलं, मागे फिरावं. मग वाटलं, फिरून सांगायचं काय? खाली जावं की वर यावं, तेच ठरेना. कठड्याला धरून उभी राहिले. शेवटी वर चहा असेल म्हणून वर आले.”

सांगते, मला रडूच आलं. पण मी तोफ, रडायच्या आधी उडते.

“मग काल सकाळी का नाही गेलात?”

“गेलेला शब्द गेला. माणसाला काय सांगायचं, पुन्हा या, पुन्हा दाखवा?”

“हो! हेच सांगायचं! हौदावरच्यांना सांगता ना, चहानंतरचा माझा परत पक्का धरू नका म्हणून? मेल्या चिंध्यांना तुमच्याकडे दुसरी सकाळ मिळते, आणि एका जित्याजागत्या माणसाला मिळत नाही? तो तिकडे घड्याळं गुंडाळतोय! मी हो म्हणा म्हणत नाही. सकाळच्या डोळ्यांनी बघून नकोच वाटलं तर नको. मग मी आयुष्यात पुन्हा हा विषय काढणार नाही.”

“तू?”

“निदान प्रयत्न करीन.”

वन्सं हसल्या. बूट चढवले, पिशवी घेतली आणि गेल्या. मी सज्जात धावले. गिरणी उजवीकडे. वन्सं दारातून बाहेर पडल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि डावीकडे, वळणाच्या दिशेला चालू लागल्या.

आता गंमत अशी, की गिरणी सकाळी लवकर सुरू व्हायची आणि घड्याळाचं दुकान चांगलं उन्हं वर आल्यावर उघडायचं. घड्याळवाले खोली करून राहायचे ते दूर, नदीपलीकडे, तिथलं घर वन्संना ठाऊक नव्हतं. म्हणजे गिरणीचा भोंगा झाला तरी बाई बंद शटरपुढे उभी! आजवर त्या बाईने गिरणीत पाच मिनिटांचा उशीर केला नव्हता. थोड्या वेळाने हौदमास्तर धापा टाकत आले, आज हात लाल. “वहिनी, बाई कुठायत? तुकड्यांचा ढीग लागलाय, हौद थंड पडले, साहेब नाचतोय!”

“मला काय माहीत!” मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

वळण आमच्या सज्जातून दिसत नाही, हा त्या घराचा एकमेव दोष. मी पिशवी घेऊन जिना उतरले आणि चढले. पुन्हा उतरले, पुन्हा चढले. म्हटलं, आपण तिथे तडमडायचं नाही. हे तिचं आहे. दुपारी नवरा आला, म्हणाला, “शेजारी सांगतात तू सकाळपासून तीनदा बाजारात गेलीस. भाजी कुठाय?” मी म्हटलं, “गाजरही होतं आणि कोबीही होता.” तो बिचारा लोणच्याची बरणी घेऊन जेवायला बसला. शेवटी न राहवून दुपारी मी वळणापर्यंत जाऊन आले. शटर बंद. बाहेरची खोकी गायब. वन्सं नाहीत, कुणी नाही. मी तशीच उलट्या पावली घरी आले.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. एकटीची. खाली वाकून बघितलं, सोबत कुणी नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर थांबली, पुन्हा चालू लागली. मी कप टेबलावर ठेवला. वन्सं आल्या, पिशवी खुंटीला लावली, बसल्या, चहा प्यायल्या. चेहऱ्यावरून काही कळेल म्हणाल, तर त्या चेहऱ्यावर दिवसभराचे रंग बघून बघून उरलेला थकवा, दुसरं काही नाही. राहिलेला सगळा ढीग त्यांनी त्या दिवशी उपसला होता.

आता सांगा, मी काय करायचं? विचारलं तर काय ऐकायला मिळणार, ते ठाऊकच. आणि ते ऐकलं की मला वाटत बसणार, हे खरं की संध्याकाळचं. मी आमटी करपेपर्यंत ढवळली, मांजरांच्या गोष्टी दोनदा सांगितल्या, जीभ दातांखाली धरली. माझ्या आयुष्यात मी एवढी गप्प कधी बसले नाही, ना त्याआधी ना नंतर. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी मला जाग आली ती कपबशीच्या आवाजाने. वन्संनी चहा करून माझ्यापुढे ठेवला होता, न विचारता.

“विचार आता,” त्या म्हणाल्या.

“काय झालं?”

“हो म्हटलं.”

“मग काल एकट्या का आलात? दुकान का बंद?”

“ते बहिणीकडे गेलेत, तिथली जागा सोडून देतो म्हणून सांगायला. उद्या येतील.”

मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं, घरात कुणी गेलं. वन्संना मिठी मारली, त्यांचा चहा सांडला, त्या राखाडी कपड्यांवर भला मोठा डाग पडला. “अगं, गिरणीत कशी जाऊ अशी?” त्या ओरडत होत्या आणि हसत होत्या.

लग्न साधंच झालं. वन्सं नदीपलीकडच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या आणि आमच्या संध्याकाळी ओक्याबोक्या झाल्या. मी कितीतरी दिवस सवयीने दोन कप गाळायचे. जायच्या आधी घड्याळवाल्यांनी, म्हणजे आता आमच्या भावजींनी, मला बाजूला घेऊन विचारलं, “वहिनी, काही सांभाळायचं असेल तर सांगून ठेवा.” मी म्हटलं, “एकच. संध्याकाळी विचारू नका, ठेवा.” त्यांनी ते असं पाळलं की मलाही जमलं नसतं. गिरणी बंद पडली, वन्संचे केस पिकले, बघायला रंग उरले नाहीत, तरी दिवस मावळायला आला की भावजी उठणार आणि कप वन्संच्या हाताशी ठेवणार, एक शब्द न बोलता. ते गजराचं घड्याळ मात्र लग्नानंतर एकदाही मागे पडलं नाही. बघा म्हणजे झालं.

भावजी शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मी रोज जायचे त्यांच्याकडे. एका दुपारी वन्सं औषधं आणायला गेल्या होत्या. इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी तेव्हा विचारलं, “भावजी, त्या सकाळी शटरपाशी वन्सं काय म्हणाल्या हो? मला कधी सांगितलं नाही त्यांनी.”

त्यांचा डावा डोळा मिटला. मला वाटलं झोप लागली. पण ते हसत होते.

“मी दुकानाशी आलो तर ही शटरला टेकून उभी. कधीपासून उभी होती कोण जाणे, पाय अवघडलेले दिसत होते. मला वाटलं, घड्याळ परत मागायला आलीय. म्हटलं, आज गिरणी नाही? तर म्हणाली, ‘गिरणी थांबलीय. मी आज अजून एकही रंग बघितलेला नाही. डोळे अगदी कोरे आहेत. परवाचं पुन्हा विचारा.’”

“आणि विचारलंत?”

“विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. असं बघितलं वहिनी, कुणी मला तसं कधीच बघितलं नव्हतं. उजेडात, नीट. मग वळून समोरच्या भिंतीकडे बघितलं थोडा वेळ, पुन्हा माझ्याकडे. आणि हो म्हणाली.” ते जरा दम घ्यायला थांबले. “सगळी गिरणी खोळंबली होती, आणि तिने आधी मला बघितलं.”

मी पदर डोळ्याला लावला. तोफेची अशी वेळ क्वचितच येते.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वन्सं आल्या, औषधाची पिशवी खुंटीला लावली, खुर्चीत बसल्या. बाहेर उन्हं उतरली होती. भावजींनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वन्संना दिसणार नाही अशा बेताने किटलीकडे बोट दाखवलं. मी उठले, चहा केला आणि कप वन्संच्या हाताशी ठेवला. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे.